वैद्यकीय खर्चासाठी लोकवर्गणी: अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मोहिमा मागे का राहतात?

पारिजात (अटलांटा, जॉर्जिया)

नमस्कार. अमेरिकेतील आरोग्यव्यवस्थेशी ज्यांचा कामाच्या किंवा अभ्यासाच्या निमित्ताने संबंध येतो, अशा सभासदांकडून मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे.

माझ्या कार्यालयातील एका कृष्णवर्णीय सहकारी बाईंच्या भावाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आहे. तो मालवाहू ट्रक चालवतो, पण पगारी नोकर म्हणून नव्हे तर कंत्राटावर, त्यामुळे त्याला कंपनीकडून आरोग्यविमा नाही. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी सुरू आहे, ट्रक घरासमोर उभा आहे आणि बिले येत आहेत. बहिणीने गोफंडमी या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ४०,००० डॉलरची मोहीम उघडली. कित्येक आठवडे उलटले तरी अडीच हजारांचा टप्पा ओलांडलेला नाही. त्याच सुमारास आमच्या विभागातील एका गौरवर्णीय सहकाऱ्याच्या पत्नीला अपघात झाला. त्यांना चांगला विमा होता, तरी वरखर्चासाठी मागितलेली रक्कम आठवडाभरात जमा झाली. मी दोन्ही ठिकाणी पैसे दिले आणि दोन्ही पानांवरील देणगीदारांच्या याद्या पाहिल्या. एका यादीत शंभर, दोनशे, पाचशे असे आकडे होते आणि दुसरीत दहा, पंधरा, वीस. दुसऱ्या यादीत देणाऱ्यांची संख्याही काही अगदी कमी नव्हती, हे मला विशेष जाणवले.

कार्यालयात यावर दबक्या आवाजात बोलणे होते. काहींच्या मते बाईंनी आवाहन नीट लिहिलेले नाही, छायाचित्रे चांगली नाहीत, नवी माहिती वरचेवर टाकली जात नाही. मला मात्र वाटते की या फरकामागे वर्ण आहे. पण वाटणे आणि ठाऊक असणे यांत अंतर असते. म्हणून विचारते: वर्णानुसार असा फरक पडतो याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे का? झाला असल्यास कारण देणाऱ्यांच्या मनातील पूर्वग्रह हे आहे की आणखी काही? आणि मी त्यांना मजकूर सुधारून, चित्रफीत बनवून दिली तर तिचा खरोखर उपयोग होईल का? माझ्या हातून नुसती सहानुभूती नको, काही उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे.

सिएटलकर

पारिजात, अभ्यास झाला आहे, आणि त्यातला बराच आमच्या शहराच्या शेजारी, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल येथील शाखेत झाला आहे. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हे लेख माझ्या नेहमीच्या वाचनातले आहेत.

लॉरेन बर्लिनर आणि नोरा केनवर्दी या दोन संशोधिकांनी २०१७ मध्ये गोफंडमीवरील २०० वैद्यकीय मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जेमतेम दहा टक्के मोहिमांना उद्दिष्ट गाठता आले होते. वर्तमानपत्रांत ज्यांच्या बातम्या येतात त्या मोहिमा या दहा टक्क्यांतल्या. उरलेल्या कुणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. पुढे २०२२ मध्ये केनवर्दी आणि मार्क इग्रा यांनी २०१६ ते २०२० या काळातील सुमारे ४ लाख ३७ हजार मोहिमा तपासल्या. त्यांतून दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली होती, हे ऐकायला मोठे वाटते. पण १२ टक्क्यांहूनही कमी मोहिमांचे उद्दिष्ट पूर्ण झाले होते आणि १६ टक्के मोहिमांना एकही देणगी मिळाली नव्हती. एकट्या २०२० या वर्षाचा विचार केला तर एक डॉलरही न मिळालेल्या मोहिमांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. याच लेखातील एका निष्कर्षावर मला थांबावेसे वाटते. ज्या भागांत वैद्यकीय कर्ज जास्त, विमा नसलेले लोक जास्त आणि उत्पन्न कमी, त्या भागांत लोकांना अशा मोहिमांचा आधार अधिक घ्यावा लागतो, आणि नेमक्या तिथेच त्यांतून पैसे कमी मिळतात.

वर्णाचा थेट प्रश्न याच गटाच्या २०२० मधील अभ्यासात हाताळला गेला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ६३७ मोहिमांमध्ये मोहीम चालवणारी व्यक्ती कोण, ज्याच्यासाठी ती चालवली तो कोण, त्यांचा वर्ण, लिंग, वय आणि परस्परांचे नाते काय, याची नोंद करण्यात आली. पहिली गोष्ट अशी दिसली की गौरेतर लोक, आणि त्यांतही कृष्णवर्णीय स्त्रिया, लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाच्या मानाने या मोहिमांत कमीच आढळतात. दुसरी गोष्ट, वंचित वर्णगटांच्या मोहिमांना मिळणारी रक्कमही कमी असते. मोहीम चालवण्याचे, म्हणजे लिहिण्याचे, छायाचित्रे जोडण्याचे, लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून देण्याचे काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येते, हेही त्यात नोंदलेले आहे. तुमच्या सहकारी बाई भावासाठी हेच करत आहेत.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच अभ्यासात आहे. छायाचित्रे, चित्रफिती, ताजी माहिती टाकत राहणे, म्हणजे मोहीम चालवणाऱ्याच्या हातात असलेल्या ज्या गोष्टी, त्यांचा जमलेल्या रकमेशी अगदी किरकोळ संबंध आढळला. कार्यालयातील मंडळी ज्याला आवाहनाचा दोष म्हणतात, त्याला पुराव्याचा आधार नाही. तुम्ही मजकूर सुधारून देऊ नका असे मी म्हणत नाही, पण रक्कम कमी जमली याचे खापर बाईंच्या लेखनावर फुटू देऊ नका. भाऊ आजारी असताना ‘तुला मागता आले नाही’ हेही तिनेच ऐकून घ्यायचे, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते.

गणिती (शिकागो)

वरील प्रतिसादातील आकडे योग्य आहेत. पण पारिजात यांनी कारणाबद्दल विचारले आहे, आणि तिथे थोडी सावधगिरी हवी. ६३७ मोहिमांच्या अभ्यासात वर्णाची नोंद संशोधकांनी पानावरील छायाचित्रे आणि मजकूर पाहून केली, आणि लेखिकांनी तो स्वतःच प्राथमिक स्वरूपाचा म्हटला आहे. कृष्णवर्णीय कुटुंबाला कमी पैसे मिळाले एवढ्यावरून देणाऱ्याने वर्ण पाहून हात आखडता घेतला, असा निष्कर्ष लगेच निघत नाही.

पूर्वग्रहाचा पुरावा शेजारच्या क्षेत्रांतून मिळतो. प्रॉस्पर नावाच्या संकेतस्थळावर सामान्य माणसे एकमेकांना कर्ज देत असत आणि कर्ज मागणारा आपले छायाचित्र लावू शकत असे. डेव्हिन पोप आणि जस्टिन सिडनर यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की पत आणि इतर आर्थिक माहिती सारखी असतानाही छायाचित्रात कृष्णवर्णीय व्यक्ती असेल तर कर्ज मिळण्याची शक्यता २५ ते ३५ टक्क्यांनी घटत होती. तिथे पैसे परत मिळण्याचा प्रश्न होता, त्यामुळे दानाशी त्याची तुलना काही अंशीच करता येते. दानाच्या अधिक जवळचा प्रयोग क्रिस्टिना फाँग आणि एर्झो लुटमर यांचा. कॅटरिना वादळातील पीडितांची छायाचित्रे दाखवून त्यांनी लोकांना देणगीचा निर्णय घ्यायला सांगितले. एकूण सरासरीत पीडितांच्या वर्णामुळे फारसा फरक पडला नाही. पण ज्यांना आपल्या वर्णगटाविषयी जवळीक वाटत होती, त्यांनी आपल्या गटातील पीडितांना स्पष्टपणे अधिक दिले, आणि ज्यांना ती वाटत नव्हती त्यांचा कल उलट होता. म्हणजे पूर्वग्रह आहे, पण तो सर्वांत सारखा नाही, आणि माझ्या मते एवढी मोठी दरी केवळ त्याने पडलेली नाही.

माझ्या मते मोठे कारण यादीत आहे. देणारे बहुतेक सगळे ओळखीचे असतात: नातेवाईक, शाळासोबती, चर्चमधली माणसे, नोकरीतले सहकारी. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या २०१३ च्या पाहणीत गौरवर्णीय अमेरिकनांच्या जवळच्या वर्तुळातील ९१ टक्के माणसे गौरवर्णीयच असल्याचे आढळले होते, आणि त्यांच्यापैकी तीन चतुर्थांश लोकांच्या वर्तुळात दुसऱ्या वर्णाचा एकही माणूस नव्हता. आता फेडरल रिझर्व्हची २०२२ ची पाहणी घ्या. गौरवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर. एका यादीतील लोक सुटीचा बेत पुढे ढकलून पाचशे देऊ शकतात, दुसऱ्या यादीतील लोक वीस देतात तेव्हा तो त्यांच्या आठवड्याच्या किराण्यातला भाग असतो. प्रत्येक देणारा निष्पक्ष आहे असे क्षणभर मानले, तरी बेरीज हीच येईल. पारिजात यांनी पाहिलेले ‘देणारे कमी नव्हते, रक्कम लहान होती’ हे चित्र याच्याशी जुळते.

सिएटलकर

गणिती यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका गोष्टीची भर घालतो. ओळखीचे वर्तुळ आणि पूर्वग्रह यांना आपण दोन वेगळ्या खात्यांत टाकतो, पण ती वर्तुळे अशी कोणी बनवली? १९३० च्या दशकात सरकारच्याच गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने धोकादायक ठरवल्या, आणि नंतर अनेक वर्षे त्या वस्त्यांना सरकारी हमीचे गृहकर्ज मिळणे दुरापास्त झाले. अमेरिकेतील मध्यमवर्गाची संपत्ती मुख्यतः घरात असते. ज्या आजोबांना घर घेता आले नाही, त्यांच्या नातवाच्या मित्रमंडळींत घर गहाण ठेवून कुणाला मदत करू शकेल असा माणूस विरळाच. विम्याचेही तेच. प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ मध्ये असे ठरवले होते की कृष्णवर्णीयांनी तेवढाच हप्ता भरला तरी त्यांना गौरवर्णीयांपेक्षा एक तृतीयांश कमी रक्कम मिळेल. आजच्या देणगीदाराच्या मनात द्वेष नसेलही, पण तो ज्या यादीत आहे ती यादी अशा निर्णयांतून तयार झालेली आहे.

गरजेची बाजूही पाहावी. जनगणना विभागाच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी २७.९ टक्के कुटुंबांवर वैद्यकीय कर्ज होते, गौरवर्णीयांमध्ये हे प्रमाण १७.२ टक्के आणि आशियाईंमध्ये ९.७ टक्के होते. ज्यांना सर्वांत जास्त मागावे लागते, त्यांच्याभोवती देऊ शकणारे सर्वांत कमी आहेत. गोफंडमीचे मुख्याधिकारी टिम कॅडोगन यांनी स्वतः २०२१ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून संसदेला मदतीचे आवाहन केले होते आणि लोकांच्या मूलभूत गरजा भागवण्यासाठी हे संकेतस्थळ निर्माण झालेले नाही, असे सांगितले होते. संकेतस्थळ चालवणाऱ्यालाच हे जाहीरपणे सांगावे लागावे, यात सगळे आले.

मंडळकार्यकर्ता (फिलाडेल्फियाजवळ)

मी अभ्यासक नाही. गेली अनेक वर्षे मराठी मंडळाच्या कामात आहे, आणि आपल्या लोकांसाठी निधी गोळा करण्याच्या कामात वारंवार सहभागी झालो आहे, म्हणून लिहितो.

आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला इथे अपघात झाला किंवा कुणाचे आईवडील इथे आले असता विम्याविना रुग्णालयात दाखल झाले, तर मोहिमेचा दुवा मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटांतून, महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटांतून आणि दुसऱ्या राज्यांतील मंडळांतून एका रात्रीत फिरतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभे आहे, आणि इतक्या वर्षांत जुळलेल्या ओळखी अशा वेळी कामाला येतात. दोन दिवसांत मोठी रक्कम जमते. मग आपल्यात अभिमानाने बोलले जाते की आपला समाज संघटित आहे, आपल्याला एकमेकांची कदर आहे. कदर आहे हे खरेच, पण कृष्णवर्णीयांच्या मोहिमा मागे पडतात त्याचे कारण त्यांच्यात एकी नाही, असे जेव्हा आपल्यातलीच शिकलेली माणसे म्हणतात, तेव्हा मला ते मुळीच पटत नाही.

आपण इथे कसे आलो ते आठवावे. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडले ते मुख्यतः शिकलेल्यांसाठी आणि त्यांच्या नातलगांसाठी, आणि नंतर एच-१बी व्हिसाने अभियंत्यांची रांग लागली. आपल्या गटात दुवा फिरतो तेव्हा तो पगारदारांच्या, डॉक्टरांच्या, स्वतःचे घर असलेल्यांच्या यादीत फिरतो, कारण ज्यांना हे जमले नसते त्यांना बहुधा व्हिसाच मिळाला नसता. आणि आपल्यातही हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा पेट्रोल पंपावर राबणारा, मंडळाची वर्गणी न भरलेला, गणेशोत्सवाला न येणारा माणूस आजारी पडला, तर त्याच्यासाठीचा दुवा आपल्या गटात येतच नाही. तसे मी पाहिले आहे. आमच्या भागातील एका कुटुंबाला शेवटी गुजराती दुकानदार शेजाऱ्यांनी मदत केली. आम्हाला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

एकीबद्दल म्हणाल, तर मी ज्या शहराशेजारी राहतो त्याच फिलाडेल्फियात १७८७ मध्ये रिचर्ड अॅलन आणि अॅब्सलम जोन्स यांनी फ्री आफ्रिकन सोसायटी स्थापन केली. सभासद दरमहा थोडी रक्कम देत आणि त्यातून आजाऱ्यांना, विधवांना, पोरक्या मुलांना मदत होई. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली तेव्हा याच संस्थेच्या लोकांनी गौरवर्णीय रुग्णांचीसुद्धा शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. आज कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी वेगळा निधी असतो, रविवारी पाकिटे फिरतात, शेजारी जेवणाचे डबे पोहोचवतात. यातले काहीही गोफंडमीच्या पानावरील आकड्यात दिसत नाही. पारिजात, तुमच्या सहकारी बाईंच्या भावामागे कदाचित अडीच हजारांपेक्षा बरेच जास्त उभे असेल. पानावर त्याची नोंद नाही एवढेच.

पारिजात

सर्वांचे मनापासून आभार. मंडळकार्यकर्ता म्हणतात तसेच आहे. चर्चमधून दर आठवड्याला जेवण येते आणि भावाला केमोथेरपीसाठी नेण्याआणण्याच्या पाळ्या लागलेल्या आहेत, असे बाईंनी मला सांगितले.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. त्यांच्या ओळखीच्या एकाने सुचवले की भावाचे रुग्णालयातील पलंगावरचे छायाचित्र लावावे, आणि तो कधी सिगारेट ओढत नव्हता, कामात कधी खाडा केला नाही, दोन मुलांचा बाप आहे, हे ठळकपणे लिहावे. भाऊ छायाचित्राला तयार नाही. तो म्हणाला की माझ्या आजारासाठी मला माझ्या चारित्र्याचा दाखला का द्यावा लागतो? बाई मात्र द्विधा मनःस्थितीत आहेत. शिवाय रुग्णालयाचे बिल कसे हाताळावे, हेही त्यांना कुणी समजावून सांगितलेले नाही. बिलाच्या खिडकीवर त्यांना ‘मोहीम उघडा, पुष्कळ लोक उघडतात’ एवढेच सांगण्यात आले.

सिएटलकर

छायाचित्राबाबत भावाचा शब्द अखेरचा मानावा. बर्लिनर आणि केनवर्दी यांच्या २०१७ च्या लेखाचा गाभाच हा होता की अशा मोहिमांत आजारी माणसाला आपण मदतीस पात्र आहोत हे सिद्ध करावे लागते: आजार आपल्या चुकीने झालेला नाही, आपण कष्टाळू आहोत, थोडी मदत मिळाली की पुन्हा उभे राहू. ज्याचा आजार लांबणारा आहे, किंवा ज्याच्याकडे समाज आधीच संशयाने पाहतो, त्याच्यासाठी ही परीक्षा अधिक कठोर असते. कृष्णवर्णीय पुरुषाला इथे रस्त्यात, दुकानात आणि दवाखान्यातही असे दाखले द्यावेच लागतात. आजारपणात तरी त्यातून त्याला सूट मिळावी. पैशाच्या दृष्टीनेही त्या छायाचित्राने फारसे काही साधणार नाही, हे वर सांगितलेच आहे.

ह्यूस्टनहून

मी टेक्सासमध्ये रुग्णांना बिले आणि सरकारी योजनांबाबत मार्गदर्शन करण्याचे काम करते. पारिजात यांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले, कारण ‘मोहीम उघडा’ असे सांगणारी खिडकी रुग्णाला त्याच्या हक्काची गोष्ट सांगत नाही, हे मी अनेकदा पाहते.

रुग्णालय ना-नफा तत्त्वावर चालणारे असेल, तर २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार त्याच्याकडे लेखी आर्थिक साहाय्य धोरण असणे बंधनकारक आहे. त्याला बोलीभाषेत चॅरिटी केअर म्हणतात. ठरावीक उत्पन्नाखालील रुग्णाचे बिल पूर्ण किंवा अंशतः माफ होते. ती उत्पन्नमर्यादा प्रत्येक रुग्णालय स्वतः ठरवते आणि ती संकेतस्थळावर दिलेली असते. उपचारानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि पहिल्या १२० दिवसांत रुग्णाला कोर्टात खेचणे किंवा लोकांची पत नोंदवणाऱ्या संस्थांना थकबाकी कळवणे यांसारखी कठोर वसुली रुग्णालयाला करता येत नाही. अर्ज करणारा पात्र ठरला, तर विमाधारकांकडून जी सर्वसाधारण रक्कम घेतली जाते तिच्यापेक्षा जास्त रक्कम त्याच्याकडून घेता येत नाही. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा यांची बिले कधी कधी वेगळी येतात. ती रुग्णालयाच्या धोरणात मोडतात की नाही, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

माझे कळकळीचे सांगणे असे आहे की हा अर्ज निकाली निघेपर्यंत मोहिमेतील पैशातून रुग्णालयाचे बिल भरू नका. जे बिल अर्जावर माफ होऊ शकले असते, ते चर्चमधल्या माणसांच्या वीस-वीस डॉलरमधून भरले गेलेले मी पाहिले आहे. ज्या समाजाकडे आधीच कमी आहे, त्याच्या खिशातील पैसा अशा रीतीने रुग्णालयाच्या तिजोरीत जातो. वर्णानुसार पडणाऱ्या दरीची चर्चा होते तेव्हा मोहिमेत किती जमले हेच पाहिले जाते. जमलेले कुठे गेले हेही पाहायला हवे.

मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे, सांगायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालामुळे मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला गेला, आणि जॉर्जियाने व आमच्या टेक्सासने तो पूर्णपणे स्वीकारलेला नाही. दक्षिणेतील ज्या राज्यांनी तो नाकारला तिथे कृष्णवर्णीयांची लोकसंख्या मोठी आहे, त्यामुळे ही पोकळी त्यांनाच अधिक बोचते. जॉर्जियाची २०२३ मध्ये सुरू झालेली ‘पाथवेज’ योजना दरमहा ८० तास कामाची किंवा तत्सम उपक्रमाची अट घालते. केमोथेरपी घेणाऱ्या ट्रकचालकाने हे तास कुठून आणायचे?

भाऊ दीर्घकाळ काम करू शकणार नसेल, तर सोशल सिक्युरिटी या सरकारी विभागाकडे अपंगत्वाच्या लाभासाठी आत्ताच अर्ज करावा. त्याने कंत्राटी कमाईवर नियमित स्वयंरोजगार कर भरलेला असेल, तर एसएसडीआय, म्हणजे भरलेल्या करावर आधारलेला अपंगत्वाचा लाभ, मिळू शकते, आणि त्याला मालमत्तेची मर्यादा नाही. मात्र पैसे सुरू होण्यापूर्वी पाच महिने थांबावे लागते आणि मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा मिळायला लाभ सुरू झाल्यापासून २४ महिने लागतात. कमाई फारच कमी नोंदलेली असेल, तर एसएसआयचा, म्हणजे उत्पन्न आणि मालमत्ता कमी असलेल्या अपंगांसाठीच्या सरकारी मदतीचा, मार्ग आहे, आणि जॉर्जियात एसएसआय मिळाले की मेडिकेडही मिळते. पण एसएसआयसाठी एकट्या माणसाच्या नावावर २,००० डॉलरपेक्षा जास्त मोजण्याजोगी मालमत्ता चालत नाही. ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे. मोहिमेचे पैसे भावाच्या बँक खात्यात पडले, तर तेवढ्यावरून त्याचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून रक्कम कुणाच्या नावावर जमा होते आहे हे आज पाहावे, आणि एसएसआयचा विचार असेल तर कायदेशीर मदत केंद्राचा सल्ला घेतल्याशिवाय ती त्याच्याकडे वळवू नये. औषधांचे किंवा उपचारांचे पैसे दुसऱ्याने थेट दिले, तर ते उत्पन्न धरले जात नाही. घरभाडे थेट दिले तर लाभाच्या रकमेत काही कपात होऊ शकते. हेल्प होप लाइव्हसारख्या काही ना-नफा संस्था रुग्णाच्या वतीने निधी स्वतःकडे ठेवतात आणि खर्चाची बिले परस्पर चुकवतात, त्यामुळे सरकारी लाभ धोक्यात येत नाही. त्यांच्याकडे पात्रतेचे निकष असतात, विचारून पाहायला हरकत नाही.

पारिजात, तुम्हाला उपयोगी पडायचे आहे, तर चित्रफीत बनवण्यात जाणारा वेळ या कागदांना द्या. रुग्णालयाकडून तपशीलवार बिल आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज मागवा, गेल्या वर्षीचे कर विवरणपत्र, अलीकडच्या कमाईचा पुरावा आणि बँकेची विवरणे जोडा, अर्ज पोहोचल्याची लेखी पावती घ्या आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी असे पत्र सोबत द्या. मोहिमेच्या पानावरील ४०,००० चा आकडा बदलता येतो. रुग्णालयाचे बिल त्यातून वगळून पुढच्या काही महिन्यांचा घरखर्च, ट्रकचा हप्ता आणि जाण्यायेण्याचा खर्च एवढेच उद्दिष्ट ठेवावे. तुमच्या कार्यालयात ज्यांनी पाचशे डॉलर दिले त्यांनाही हा दुवा कुणीतरी पाठवायला हवा, आणि ते काम बाईंपेक्षा तुम्हाला सोपे जाईल. अर्ज नामंजूर झाला, तर कारण लेखी मागा आणि इथे कळवा, अपिलाचा मसुदा मी तपासून देईन.